राघोचे लाकडी मासे

ज्याने प्रलयाच्या पाण्यात अंगावर खवले घेतले, त्या नारायणाला आधी दंडवत. गरुडाच्या पाठीवर बसावे, शेषाच्या अंगावर निजावे, एवढे वैभव ज्याच्या पायाशी, तो राजाच्या ओंजळीत मावेल एवढा मासा होऊन आला आणि म्हणाला, "राजा, मोठे मासे मला खातील रे, मला सांभाळ." जगाने ज्याच्या पायी आसरा मागावा, त्याने माणसाच्या ओंजळीत आसरा मागितला! देवा, त्या ओंजळीतले पाणी निर्मळ होते म्हणून तू वाढलास. तू वाढलास म्हणून वेद तरले, नाव तरली, आम्ही तरलो. आज पुन्हा तेवढाच लहान होऊन यायचे तू मनात आणलेस, तर आमच्या कोणत्या नदीत येशील, हे विचारायला जीभ उचलत नाही. तुझे पाय धरावेत आणि एका माणसाचे नाव घ्यावे, एवढेच हाती आहे. त्याने जन्मभर माशांचा विचार केला. त्याला तुझ्या दारात परका म्हणू नकोस.

त्याचे नाव राघो. भिवंडीला लागून शेलार गाव, गावाच्या अंगाने कामवारी नदी, आणि नदीकडे तोंड करून राघोचे घर. भाताची दोन खाचरे होती, ती पोटापुरती पिकत. पण त्याचा जीव चिखलात नव्हता, पाण्यात होता. उंच, किडकिडीत, उन्हाने रापलेला माणूस. उजव्या हाताच्या तर्जनीवर दोऱ्याने पाडलेली खोल खाच. त्या खाचेत गळाचा दोरा बसला की नदीच्या तळाशी काय चालले आहे ते त्या बोटाला कळे. खाली चिखल आहे की खडक, दोऱ्याला लागले ते शेवाळ की मासा, आणि मासा असला तर भुकेला आहे की नुसता चौकशीला आला आहे, हे राघो डोळे मिटून सांगे.

मासाही तो एकच धरी. जिताडा. खाडीचा हा राजा भरतीबरोबर गोड्या पाण्याच्या वासाने वर चढतो, काठच्या कांदळाच्या झाडांच्या मुळांत दबा धरून बसतो, आणि जवळून काही हलले की गिळून टाकतो. चांदीचे अंग, सोन्याचा डोळा. इतर माणसे त्याच्यासाठी गळाला जिवंत कोलंबी लावीत, नाहीतर बोय माशाचे बोटभर पिल्लू पाठीत टोचून पाण्यात सोडीत. राघो गळाला लाकडाचा मासा लावी. गाव त्याला हसे, आणि त्याच्या घरचे जिताड्याचे कालवण मात्र मागून नेई.

लाकडाचा मासा का, त्याची कथा दुःखाची आहे.

लग्नानंतर राघोची बायको गुणाबाई हिची दोन बाळे गेली. पहिले बारा दिवसांचे, दुसरे सव्वा महिन्याचे. दुसऱ्याला मातीत ठेवून आल्यावर चौथ्या दिवशी राघो गळ घेऊन नदीवर गेला, कारण घरात बसवत नव्हते. तेव्हा तोही चारचौघांसारखाच जिवंत आमिष लावणारा. त्याने बोयीच्या पिल्लाच्या पाठीत गळ खुपसला, पिल्लू पाण्यात सोडले, आणि त्याची तडफड दोऱ्यावरून चढत त्याच्या बोटात आली. रोजचीच तडफड ती. पण त्या दिवशी राघो उभ्याचा खाली बसला. आपण कोणाचे तरी पिल्लू टांगून मोठा घास मागतो आहोत. मग आपल्या पिल्लांना कोणी टांगले, हे विचारायचे कोणत्या तोंडाने?

त्याने दोरा तोडला. ओल्या धोतरानिशी गावदेवीपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, याच्या फुडं माज्या गळाला जित्ता जीव लागनार न्हाय. एक पोर जगव. पोर जगला तर दर चैताला, तुज्या जत्रेला, याच नदीचा, माज्याच गळाचा जिताडा तुज्या पायाशी ठेवीन. एक साल चुकला तर पोर तुजा."

शेवटचे ते शब्द त्याने का बोलावेत! देवाने मागितले नव्हते. पण दुःखात माणूस देवाशीही सौदा करतो, आणि सौद्यात जवळचे सर्वांत मोठे तेच पुढे ठेवतो. घरी येऊन त्याने गुणाबाईला सांगितले. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "बोललाव ता बोललाव. आता मासा चुकवू नका म्हंजे झाला."

पुढल्या वर्षी मुलगा झाला आणि जगला. नाव ठेवले नवशा.

त्या दिवसापासून राघोच्या हाताला दुसरी विद्या आली. भिवंडीत इसाकभाई मोमीन नावाचे यंत्रमागवाले होते. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. तो फुटला की इसाकभाई कोपऱ्यात फेकीत. राघो ते मागून नेई. लाकूड लोखंडासारखे कठीण, घडण मुळातच माशासारखी, दोन्ही टोकांना चोच.

"राघो," इसाकभाई म्हणत, "मेरा टूटा हुआ धोटा तेरे हाथ में जाके मछली पकड़ता है. और मेरे हाथ में साबुत धोटा भी कपड़ा फाड़ता है! तू मेरे यहां नौकरी कर, मैं नदी पे बैठता हूं."

"बैठो ना शेठ," राघो म्हणे, "लेकिन मच्छर मेरे को पैचानते, छोड़ देते. तुमको नहीं छोड़ेंगे."

त्या फुटक्या धोट्यांतून राघोने ऋतूंचे मासे घडवले. मृग लागला आणि नदी लाल, गढूळ होऊन धावू लागली, की त्या पाण्यात जिताड्याला दिसत नाही, त्याला ऐकू येते. म्हणून पावसाळ्याचा मासा जाड आणि काळा. धोट्याच्या पोटातल्या पोकळीत राघो सात-आठ गुंजा घाली आणि वरून लाखेने तोंड बुजवी. दोऱ्याला हिसडा दिला की पाण्यात खुळखुळा वाजे, आणि गढुळातला राजा त्या आवाजावर झेपावे. हस्त सरला, भाताच्या खाचरांतले पाणी चरांतून नदीत उतरू लागले, की त्या पाण्याबरोबर बोयीची पिल्ले उतरतात. तेव्हाचा मासा पांढरा, सडपातळ, नाकाशी तिरका तासलेला. ओढला की घाबरल्यासारखा डावीउजवीकडे वळवळत येई. तो चराच्या तोंडाशी, ओहोटी लागताना टाकायचा. आधी नाही, नंतर नाही. थंडीत जिताडा आळसावतो, खोल डोहात जड होऊन पडतो, घासासाठी हातभरसुद्धा हलत नाही. मग शिशाच्या मण्याला कोंबड्याचे तांबडे पीस बांधून ते तळाशी सोडायचे, आणि एक जप पुरा होईपर्यंत हलवायचे नाही. मग वीतभर सरकवायचे. मग पुन्हा जप. आणि उन्हाळ्यात पाणी तापले की पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तरंगता मासा, पोटाला डबड्याच्या पत्र्याची चकती. तो पहाटेच्या उजेडात पाण्यावर फडफडला की खालून असा आवाज होई, जणू कोणी मोठा दरवाजा आपटला.

पाण्याच्या रंगाचाही त्याने नियम बांधला होता. गढुळाला काळा, हिरव्याला पिवळा, नितळाला चांदी. "मासा खोटा असला तरी चालतो," तो म्हणे, "पन पान्याशी खोटा वागून चालत न्हाय."

या विद्येच्या बळावर एकवीस चैत्र निभावले. दरवर्षी जत्रेच्या सकाळी राघो केळीच्या पानावर जिताडा घेऊन देवीपुढे जाई, गुणाबाई मागे, आणि नवशा एक एक वर्षाने उंच होत त्यांच्यामध्ये. माशाचा डोळा चकाके, देवीचा डोळा चकाके, आणि त्या दोन डोळ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून राघो म्हणे, "यंदाचा फिटला, आये."

मग नदीच्या वरच्या अंगाला रंगखाने आले.

कापड भिवंडीत विणले जाई, ते रंगवायला पाणी हवे, आणि पाणी कामवारीला होते. आधी एक आला, मग तीन, मग कोणी मोजले नाहीत. गावच्या पोरांना ड्युटी मिळाली. नवशा वीस वर्षांचा झाला तेव्हा तोही अशाच एका रंगखान्यात लागला. संध्याकाळी घरी येई तेव्हा कोपरापर्यंत हात रंगलेले असत. गुणाबाई चुलीतली राख देई, तो घाशी, आणि रंग थोडा फिका होई, जात मात्र नसे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या चैत्रात राघोने ठेवलेला एकविसावा जिताडा हातभरही नव्हता. त्याच्या अंगावर एक करडा डाग होता. देवीच्या भगताने तो पाहिला आणि पानाच्या कडेने झाकला.  राघोने मनाशी म्हटले, पुढल्या साली आमिष सुधारीन.

इथे, श्रोतेहो, त्या भल्या माणसाची चूक सुरू झाली. ही चूक आळशाची नव्हती, अडाण्याची नव्हती. जन्मभर ज्याने विद्या प्रेमाने जोपासली, त्याच्या हातूनच अशी चूक होते. नदी रिकामी झाली, हे त्याच्या मनाला शिवलेच नाही. मासा घेत नाही, म्हणजे आमिष चुकले, एवढेच त्याला ठाऊक होते.

मृग आला. राघोने गुंजांचा काळा मासा पाण्यात वाजवला. एक दिवस, आठ दिवस, महिना. बोटाला शेवाळ लागले, कापडाच्या चिंध्या लागल्या, जिताडा लागला नाही. त्याने गुंजा वाढवल्या. मग गुंजा काढून खिळे घातले. मग त्याच्या ध्यानात आले की पाण्याचा रंग मृगाचा नाही. सकाळी किरमिजी, दुपारी निळसर, दुसऱ्या दिवशी शेवाळी. ऋतू एक आणि रंग सतरा! तेव्हा त्याने नियम ताणला. ज्या रंगाचे पाणी, त्याला जुळता मासा. आणि आज पाणी कोणत्या रंगाचे होणार, हे सांगणारा तर घरातच होता.

"नवशा, आज काय लावलाय रं तुमच्याकडं?" तो पहाटे विचारी.

नवशा भाकरी बांधून घेताना क्षणभर थांबे. "मोरपंखी, बा."

"मोरपंखी म्हंजे निळ्याकडं का हिरव्याकडं?"

"हिरव्याकडं."

"मंग पिवळा लावतो. आनी उद्या?"

"उद्या रंगमास्टर सांगल तवा."

"इचारून ठेव. आदल्या दिशी कळला तर मासा रंगवून वाळवाया येळ मिळतो."

आणि खरोखर, ओसरीवर दोरीला रंगीत मासे वाळत टांगले जाऊ लागले. पिवळे, नारिंगी, गुलाबी, काळ्यावर पांढरे ठिपके. गुणाबाई त्यांच्याखालून वाकून ये-जा करी. शेजारचा दौलत, राघोच्याच बरोबरीचा, वाटेवरून जाताना थांबून पाही.

"काय राघो, लगीनघर हाय का काय? तोरनं बांधलीस!"

"जिताड्याची तयारी हाय."

"अरं, मंग लाकूड कशाला रंगवतस? पोराच्या रंगखान्यातनं एक साडी आन आनी ती टाक पान्यात. पान्याचा आनी साडीचा रंग एकच! जिताडी नवऱ्याला घिऊन येल बघाया."

राघो हसला. दौलतही हसला, पण पुढे जाताना त्याने मागे वळून नदीकडे पाहिले, आणि त्याचे हसू तोंडावर राहिले नाही.

हस्त सरला. खाचरांतून पाणी उतरले, पण चराच्या तोंडाशी बोयीचे एक पिल्लू दिसेना. राघो ओहोटीच्या त्या नेमक्या वेळी तिरक्या नाकाचा पांढरा मासा टाकून उभा राही. पाणी उतरे, चिखल उघडा पडे, चिखलावर इंद्रधनुष्यासारखी साय चमके. थंडी आली. कोंबड्याचे पीस डोहाच्या तळाशी ठेवून तो जप करी. पूर्वी शंभर जपांत एकदा तरी बोटाला गोड धक्का बसे. आता हजार जप झाले, बोट मुके राहिले. जपाचेही काय व्हावे? ज्या जिभेला नाम घेताना घासाची आशा होती, तिला नाम घेताना भीती वाटू लागली. प्रत्येक नामाबरोबर चैत्र एक पाऊल जवळ येत होता.

माघात नवशाला खोकला लागला. कोरडा, खोल, पाठीतून आल्यासारखा. रंगखान्यातल्या वाफेने होतो, महिनाभरात जातो, असे तो म्हणाला. राघो ओसरीवर बसून तो खोकला ऐके आणि चैत्राला उरलेले दिवस मोजे. तेच शब्द. एक साल चुकला तर पोर तुजा.

"बाजारातून आनू या एक," गुणाबाई म्हणाली. "खाडीचा येतो. कोन बघतो?"

"जिला द्यायचा ती बघती ना."

"मंग वसईकडं जाऊन तुमी धरा."

"याच नदीचा बोललोय मी, गुने. याच नदीचा, याच गळाचा. मीच बांधून ठिवलाय मना. बायेर यायाची वाट न्हाय ठेवली."

जत्रेला दोन दिवस राहिले. गुणाबाईचे माहेर काल्हेरला, खाडीकाठी. सकाळच्या एस.टी.ने ती तिकडे गेली आणि दुपारी परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर पितळी हंडा होता, वर ओले फडके. तिने तो ओसरीवर राघोपुढे उतरवला. आत खाडीचे पाणी, आणि त्या पाण्यात दहा-बारा जिवंत कोलंब्या मिशा हलवीत फिरत होत्या.

राघोने पाहिले आणि मान फिरवली. "हे काय आनलास तू!"

"आमिष."

"एकवीस वरसं..."

"मना सांगू नका एकवीस वरसं." तिचा आवाज चढला नाही, तो खाली गेला. "दोन गोष्टी बोललाव तुमी तिला. जित्ता जीव लावनार न्हाय, ही एक. मासा देईन, ही दुसरी. पयली मोडली तर पाप तुमाला लागल. दुसरी मोडली तर पोर जाईल. सांगा, कोनची मोडू या? का दोनी धरून बसू या आनी पोराला देऊ या?"

राघोने हंड्यावर फडके ओढले. गुणाबाई पुन्हा म्हणाली, "पाप मी घेतो. हंडा मी आनलाय."

"न्हाय," राघो उठला. "गळ माजा हाय. पाप बी माजाच."

ओहोटी लागायच्या वेळी दोघे नदीवर गेली. त्या दिवशी पाणी काळपट होते, वर फेस. राघोने हंड्यात हात घातला. एकवीस वर्षांनी एका जिवंत जीवाचे हातपाय त्याच्या मुठीत वळवळले. त्याने डोळे मिटले, शेपटीतून गळ घातला, जसा तरुणपणी घाली तसा, जीव न जाता. कोलंबी पाण्यात गेली. दोरा खाचेत बसला.

आणि बोट जागे झाले! कोलंबीची उडी, तिची धडपड, तिच्या पायांची वळवळ, सारे सारे दोऱ्यावरून आले. राघोच्या तोंडावर वेदना आली आणि त्या वेदनेत आशाही आली. कितीतरी महिन्यांनी त्या पाण्यात काहीतरी जिवंत होते. गुणाबाई पदराचे टोक चावीत उभी होती. आता येईल, आता मुळांतून सावली हलेल, आता दरवाजा आपटेल.

धडपड मंदावली. पान खाऊन संपवायला लागतो तेवढ्या वेळात ती थांबली.

"घेतली का?" गुणाबाईने विचारले.

राघोने दोरा ओढला. कोलंबी गळावर तशीच होती, अखंड. कोणी तोंड लावले नव्हते. अंग पांढरे पडले होते, मिशा लोंबत होत्या. ती मेली होती. तिला माशाने मारले नव्हते, गळाने मारले नव्हते. पाण्याने मारले होते.

त्याने दुसरी लावली. तीच कथा. तिसरीला त्याने गळ टोचलाच नाही. नुसती ओंजळीत धरून ओंजळ नदीत बुडवली. ती दोनदा उसळली, आडवी झाली, आणि त्याच्या तळहातावर निजली.

राघो चिखलात बसला. मृगापासूनचे सारे दिवस त्याच्यापुढून गेले: काळे मासे, पिवळे मासे, गुंजा, खिळे, पिसे, जप. कोणाला दाखवीत होता तो हे सारे? ज्या घरात कोणीच राहत नाही, त्या घराच्या दाराशी उभे राहून तो दहा महिने निरनिराळे कपडे घालून हाका मारीत होता.

"आमिष चुकला नव्हता, गुने," तो म्हणाला. "एक बी चुकला नव्हता."

आपली विद्या खरी होती हे कळल्यावर माणसाला आनंद व्हावा. राघोला रडू आले.

गुणाबाईने हंड्यात पाहिले. खाडीच्या पाण्यात उरलेल्या कोलंब्या अजून फिरत होत्या. तिने फडके ओले करून पुन्हा वर बांधले, हंडा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "यांना यांच्या पान्यात सोडून येतो. दिवे लागाया परत येन." आणि ती काल्हेरच्या वाटेला लागली. धन्य ती माउली! स्वतःच्या लेकरासाठी जी पाप उचलायला निघाली, तीच पाप वाया गेल्यावर दुसऱ्यांची लेकरे डोक्यावर घेऊन परत निघाली.

संध्याकाळी नवशा ड्युटीवरून आला तेव्हा राघो ओसरीवरचे रंगीत मासे दोरीवरून सोडवीत होता. त्याने मुलाला नदीवर काय झाले ते सांगितले. पहिल्यापासून सांगितले, नवसाचे ते शेवटचे शब्दही सांगितले, जे आजवर मुलापासून लपवले होते. नवशा उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला. मग आपल्या रंगलेल्या हातांकडे पाहत म्हणाला, "बा, मना ठाव व्हता."

"काय ठाव व्हता?"

"नदीत कायच न्हाय, ता. पावसापासून ठाव व्हता. हौदाची झडप मीच खोलतो, बा. माजीच ड्युटी हाय ती. रोज चाक फिरवतो आनी सगळा रंग खाली जातो. तुमी सकाळी इचारायचाव, आज काय लावलाय. मी सांगायचो. तुमी खूश व्हायचाव. मना वाटायचा, बा एवढा आशेनं इचारतो, त्याला न्हाय कसा म्हनू?"

 ज्याच्या जीवासाठी जिताडा हवा होता, त्याच्याच हाताने नदीचे दार उघडून तिच्यात मरण सोडले होते. आणि त्या हातानेच घरात भाकरी आली होती. कोणाला रागवावे? मुलाला? मुलगा तर नवसाचा. रंगखान्याला? त्याला तोंड कुठे असते? राघोने हात पुढे केला आणि मुलाचे निळे पडलेले बोट आपल्या मुठीत धरले.  थोड्या वेळाने नवशा खोकू लागला, तेव्हा राघोने त्याची पाठ चोळली.

"काम सोड," तो शेवटी म्हणाला.

"मी सोडला तर झडप दुसरा खोलल, बा. पानी थांबनार न्हाय. भाकरी तेवढी थांबल."

हेही खरे होते. त्या दिवसांत जे जे खरे होते, ते सगळे असेच होते.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजले. नारळ फुटले, कोंबडी कापली गेली, बायकांनी नव्या बांगड्या भरल्या. राघो, गुणाबाई आणि नवशा देवीपुढे गेले. राघोच्या हातात केळीचे पान नव्हते. भगताची नजर सवयीने त्याच्या हातांकडे गेली, आणि हात रिकामे पाहून त्याने ती चटकन दुसरीकडे वळवली. राघो देवीच्या समोर उभा राहिला, हात जोडायचेही विसरला.

"आये," तो म्हणाला, "जित्ता जीव लावला मी. तीन जीव गेले. मासा बी न्हाय मिळाला. दोनी बाजूंनी चुकलो. माज्याकडं तुला द्याया कायच न्हाय. तुला कोनाला न्यायचाच असल तर ह्यो राघो उभा हाय. पोराचा नाव तवा मी घेतला व्हता, त्याला इचारला नव्हता. जो बोलला त्याला ने."

देवी शेंदरात शांत होती. ढोल वाजत होते. फूल पडले नाही, वारा सुटला नाही, कोणाच्या अंगात वारे आले नाही. उत्तर आले असते तर, ते कितीही कठोर असते तरी, राघोने पदरात घेतले असते. उत्तर आलेच नाही. मागे गर्दी लोटत होती, म्हणून तिघे बाजूला झाले. नवशाची दुपारची ड्युटी होती. जत्रेतून तो तसाच रंगखान्याकडे गेला.

राघो त्याच्या मागे मागे गेला. फाटकापाशी थांबला. मुलगा आत दिसेनासा झाला तरी थांबला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, रंगलेल्या हातांची माणसे घोळक्याने बाहेर आली, आणि त्या घोळक्यात नवशाचे डोके दिसले तेव्हा राघोने धरलेला फाटकाचा गज सोडला. दोघे घरी आले.

दुसऱ्या दिवशीही तो फाटकापाशी होता. तिसऱ्या दिवशीही. पुन्हा त्याने गळ धरला नाही. इसाकभाईंनी फुटके धोटे बाजूला काढून ठेवले होते, ते न्यायला तो गेला नाही. पाळी सुटायच्या आधी घटकाभर तो फाटकासमोरच्या दगडावर येऊन बसे. पहारेकरी थट्टा करी, "क्या चाचा, लड़का दूध पीता है क्या?"  राघो भोंग्याकडे कान लावून असे. मुलगा बाहेर आला की तो दिवस देवीने सोडला, एवढेच त्याला कळे. उद्याचे कळत नसे. असे त्याने किती दिवस काढले, ते त्या दगडाला विचारावे. नवसाने मिळालेल्या मुलाचा बाप त्या फाटकाशी रोज संध्याकाळी नव्याने बाप होई, आणि रोज सकाळी त्याचे सारे पुन्हा हरवे.

नारायणा, या राघोला तुझे अभय असो. दुःखात तोंडून निसटलेल्या शब्दाचे ओझे बापाच्या मानेवरून तू उतरव. असे शब्द तू धरून ठेवीत नाहीस, हे त्याला एकदा कळू दे. नवशाच्या छातीतला श्वास मोकळा असो, तो आपल्या बापाला खांदा देण्याएवढा जगो. गुणाबाईच्या चुलीतला विस्तव विझू नये. जी तीन मुकी लेकरे तिच्या हंड्यातून गेली आणि जी परत आपल्या पाण्यात पोहोचली, त्या साऱ्यांचा आशीर्वाद तिच्या कपाळी लागो. शेलारच्या त्या नदीकडच्या घरावर, त्याच्या उंबऱ्यावर, त्याच्या ओसरीवर तुझी छाया राहो. आणि ज्या पाण्याकडे त्या घराचे तोंड आहे, त्या पाण्याकडेही, दयाघना, तुझे तोंड असो.